केमो-रेडिएशन चालू असताना घर, ऑफिस आणि प्रवास : कुठल्या क्रमानं काय करायचं

परवा ओळखीतल्या एकीचा मेसेज आला, "तिकीट काढलंय, शुक्रवारी निघतेय, विमानात कुठला मास्क लावू तेवढं सांग." मी बोटांवर दिवस मोजले तर तो शुक्रवार म्हणजे तिच्या केमोचा दहावा दिवस निघाला, ज्या दिवसांत पांढऱ्या पेशी बहुतेकांच्या अगदी तळाला असतात. डॉक्टरांना विचारलं का, तर म्हणाली सोमवारी विचारणार आहे. तिकीट आधी, डॉक्टर नंतर. हाच क्रम मी कितीतरी जणांचा बघितलाय, ऑफिसच्या बाबतीत पण आणि घरातल्या कार्यक्रमांच्या बाबतीत पण, आणि मी स्वतःही पहिल्या सायकलला (म्हणजे एक केमो आणि पुढच्या केमोपर्यंतचे दिवस) हेच केलं होतं. म्हणून हे नीट क्रमानं लिहितेय.

माझी ट्रीटमेंट स्तनाच्या कॅन्सरची होती. दर २१ दिवसांनी एक अशा ४ केमो, मग आठवड्याला एक अशा १२, मग ऑपरेशन आणि १५ दिवस रेडिएशन. तुमची वेगळी असणार. त्यामुळे खालचं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याशी जुळलं नाही तर डॉक्टरांचं ऐका.

टप्पा १ : टीमकडून (म्हणजे तुमचे कॅन्सरचे डॉक्टर आणि नर्स) पाच गोष्टी लिहून घ्या

पहिल्या केमोच्या आधी घ्या. तोंडी नको, कागदावर किंवा मोबाईलमध्ये.

१. औषधांची नावं, ब्रँडची नाही, मूळ औषधाची. सायकल किती दिवसांची आणि एकूण किती.
२. या औषधांनी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, साधारण कुठल्या दिवसांत पडतात.
३. ताप किती आला की फोन करायचा, आणि रात्री दोन वाजता कुठला नंबर लागतो.
४. दुखलं, पोट बिघडलं तर घरच्या घरी काय चालतं आणि काय अजिबात नाही.
५. गाडी चालवणं, वजन उचलणं, गर्दी, प्रवास यात मला काय लागू आहे.

लोक "केमो" हा एकच शब्द वापरतात आणि मग एकाचा अनुभव दुसऱ्याला लावतात, तिथंच गडबड होते. ऑक्सालीप्लॅटिन चालू असेल तर पहिले काही दिवस थंड पाणी प्यायलं तरी घशात विचित्र वाटतं, फ्रीजमधली बाटली धरली की बोटांना झिणझिण्या येतात. व्हिनक्रिस्टीननं पोट साफ होत नाही, इरिनोटेकॅननं उलट जुलाब होतात. कॅपेसिटाबीनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, म्हणजे ज्याचं काम दिवसभर उभं राहण्याचं आहे त्याला ती गोळी जास्त जड जाते. डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं, पण आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस हादरतो. इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचं, तर गणितच वेगळं, तिचे त्रास काही आठवड्यांनी, कधी ट्रीटमेंट संपल्यावर काही महिन्यांनी पण उगवतात, म्हणून नवीन जुलाब किंवा धाप लागणं "काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही.

तपासा : रात्रीचा नंबर एकदा दिवसा लावून बघा. उचलतात का, कोण उचलतं, काय विचारतात.

टप्पा २ : पहिली सायकल फक्त बघायची, वहीत

पहिल्या सायकलमध्ये काहीही मोठं ठरवू नका, ना प्रेझेंटेशन, ना प्रवास, ना घरी पाहुणे. ही सायकल तुमच्या शरीराचं वेळापत्रक कळण्यासाठी आहे आणि ते कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

साधी वही घ्या, केमोचा दिवस म्हणजे दिवस १ धरा आणि रोज चार ओळी. सकाळ-संध्याकाळचं टेम्परेचर, झोप किती, खाणं कितपत गेलं, आणि किती वेळ सलग बसून काम करता आलं. तेवढंच. माझ्या वहीतलं एक पान अजून आहे, "दिवस ४. ९८.२, ९८.६. झोप ९ तास. भात दोन घास. मेल वाचायला बसले, तिसरी मेल वाचून झाल्यावर पहिली काय होती आठवेना, २० मिनिटांत उठले." आणि त्याच्या आदल्या पानावर दिवस २ ला लिहिलंय की कपाट आवरलं, सगळ्यांना फोन केले, मला काहीच होत नाहीये.

हा जो दुसऱ्या दिवसाचा उत्साह आहे ना, तो बऱ्याच जणांना फसवतो. उलटी होऊ नये म्हणून केमोबरोबर डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात, त्यानं पहिले दोन-तीन दिवस झोप उडते आणि अंगात उसनं अवसान येतं. ते उतरलं की तिसऱ्या ते पाचव्या दिवसात माणूस एकदम बसतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी बॉसला "सोमवारी येते" असं सांगायचं नाही.

२१ दिवसांच्या सायकलचा ढोबळ नकाशा असा. दिवस १ ते ५ मळमळ आणि थकवा, दिवस ७ ते १४ काउंट खाली म्हणजे इन्फेक्शनचा धोका जास्त, आणि १५ पासून पुढच्या केमोपर्यंत सगळ्यात बरे दिवस. गंमत अशी की सातव्या-आठव्या दिवशी मळमळ गेलेली असते, तोंडाला चव येते, माणसाला वाटतं आता आपण बरे, आणि नेमके तेच दिवस इन्फेक्शनसाठी वाईट. बरं वाटणं आणि काउंट चांगले असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल.

ज्यांची केमो दर आठवड्याला किंवा रोज गोळीच्या रूपात आहे त्यांचा नकाशा असा नसतो, त्यांनी टीमकडून स्वतःचा काढून घ्यावा. वही मात्र सगळ्यांना.

टप्पा ३ : घर

थर्मामीटर एक नाही, दोन घ्या, आणि जास्तीची बॅटरी. काखेत किंवा तोंडात चालतो, गुदद्वारात लावायचा नाही कारण तिथली नाजूक त्वचा फाटली तर इन्फेक्शन आत शिरतं.

ताप १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा जास्त आला, किंवा ताप नसताना हुडहुडी भरली, तर लगेच फोन. सकाळपर्यंत थांबायचं नाही. केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना साधं इन्फेक्शन काही तासांत रक्तात पसरू शकतं आणि अँटिबायोटिक जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. तुमच्या टीमनं वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा.

सावधान : कणकण वाटली की पॅरासिटामॉल घ्यायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. ती आता मोडायची. गोळीनं आकडा खाली येतो, इन्फेक्शन तसंच राहतं आणि तुम्ही निर्धास्त होता. मी दुसऱ्या सायकलच्या नवव्या दिवशी हेच केलं, घरात सगळे जेवायला बसले होते, कुणाला उठवायला नको म्हणून गोळी घेऊन पडले. तासाभरानं ९९ आला. पहाटे दात वाजायला लागले तेव्हा १०२.३ होता आणि पुढचे पाच दिवस सलाइनवर हॉस्पिटलमध्ये गेले. आधी मोजा, मग फोन, आणि गोळी ते सांगतील तेव्हा.

फोन करताना पहिलं वाक्य पाठ करून ठेवा, घरच्यांनाही पाठ करायला लावा, "केमो चालू आहे, आज अमुकवा दिवस, ताप इतका." इमर्जन्सीच्या काउंटरवर पण हेच आधी, नाव-पत्ता नंतर. नाहीतर साध्या तापाच्या रांगेत बसवतात.

तापाशिवाय अजून कशाला थांबायचं नाही : धाप, छातीत दुखणं, न थांबणारं रक्त, एकाच पायाला आलेली सूज, पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल तर, आणि नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब.

केमोनंतरचे साधारण ४८ तास औषध लघवी, शौच, उलटी यातून बाहेर पडत असतं. कमोडचं झाकण बंद करून दोनदा फ्लश, खराब झालेले कपडे-चादरी ग्लोव्हज घालून उचलायच्या आणि वेगळ्या धुवायच्या, आणि संबंध आले तर कंडोम. मुलांना जवळ घेणं, मिठी मारणं, एका ताटात बसणं याला काही अडचण नसते. माझ्याकडे महिनाभर लहान मुलं आणायचीच बंद केली होती लोकांनी, त्याचं मला केमोपेक्षा जास्त वाईट वाटलं. सर्दी-खोकला-ताप असलेलं माणूस आणि नुकत्याच कांजिण्या झालेलं मूल मात्र लांब.

खाण्यात फार पाळणूक नको, नीट शिजलेलं, ताजं, स्वच्छ धुतलेलं, कच्चं मांस-अंडं आणि न उकळलेलं दूध बंद. हात धुणं सगळ्यात महत्त्वाचं. तोंड येऊ नये म्हणून मऊ ब्रश आणि मीठ व खायच्या सोड्याच्या पाण्यानं दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, तोंड आल्यावर नाही, आधीपासूनच. आणि कुणीही प्रेमानं आणून दिलेली हर्बल पावडर किंवा गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, काहींनी केमोचं औषध शरीरात वाढतं किंवा घटतं.

टप्पा ४ : काम

इथं क्रम असा ठेवा : आधी वही, मग डॉक्टर, मग सुट्टीचे नियम, मग बॉस. बहुतेक जण बॉसपासून सुरू करतात आणि घाबरून एकतर "मी नेहमीसारखी येईन" म्हणतात किंवा सरळ राजीनामा देतात. राजीनामा तर पहिल्या दोन सायकल होईपर्यंत देऊच नका, नोकरीबरोबर विमा आणि पगारी रजा पण जाते.

१. वहीतून तुमचे चांगले, मधले आणि वाईट दिवस काढा.
२. डॉक्टरांकडून पत्र घ्या. त्यात आजाराचा सगळा पाढा नको, ट्रीटमेंट अंदाजे कधीपर्यंत, कुठल्या दिवशी गैरहजेरी, आणि काय टाळायचं एवढंच.
३. एचआरकडून नियम लेखी मागा. आजारपणाची रजा किती, बिनपगारी किती, घरून काम चालतं का, विमा रजेतही चालू राहतो का.
४. मग बॉसशी बोला, आणि जाताना प्रश्न घेऊन जाऊ नका, प्रस्ताव घेऊन जा. "दर तीन आठवड्यांतले पहिले पाच दिवस मी नसेन, पुढचे नऊ-दहा दिवस घरून अर्धा दिवस, शेवटचा आठवडा ऑफिसला पूर्ण. रक्त तपासणीत काउंट कमी आले तर केमो पुढे जाते, मग हे सगळं पण आठवडाभर सरकेल." शेवटचं वाक्य विसरू नका. केमो पुढे ढकलली जाणं अगदी नेहमीचं आहे आणि ते आधी सांगितलेलं नसलं की आपण शब्द पाळला नाही असं वाटतं.

सहकाऱ्यांना किती सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. मी दोघींना सगळं सांगितलं आणि बाकीच्यांना "ट्रीटमेंट चालू आहे, काही महिने वेळा बदलतील" इतकंच.

कामात सगळ्यात जास्त त्रास डोक्याचा होतो. शब्द आठवत नाही, आकडा उलटा लिहिला जातो. हे खरंच होतं, वेडेपणा नाही. आकडेमोड, सह्या, पैसे पाठवणं असली कामं चांगल्या दिवसांवर टाका आणि दुसऱ्या कुणाला एकदा नजर टाकायला सांगा. फोनवर ठरलेलं लगेच मेलवर लिहा.

केमोच्या गोळ्या घेणाऱ्यांची ऑफिसातली नेहमीची चूक म्हणजे मीटिंगमध्ये एक डोस राहिला म्हणून संध्याकाळी दोन एकदम घेणं. तसं कधीच करायचं नाही. राहिलेल्या डोसचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवा, आणि गोळी मूळ पाकिटातच ठेवा, इतर गोळ्यांच्या डबीत टाकू नका, चुरू नका.

गाडी : केमोच्या दिवशी चालवू नका, ॲलर्जीसाठी दिलेल्या इंजेक्शननं गुंगी असते. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधानं तळपाय बधिर झाले असतील तर ब्रेकवर पाय आहे की नाही हेच नीट कळत नाही. माझी चप्पल रस्त्यात पायातून निघून गेली आणि मला चार पावलांनी कळलं, त्या दिवसापासून मी गाडी ठेवून दिली.

रेडिएशनचं वेगळं आहे. आठवड्याचे पाच दिवस, साधारण तीन ते सात आठवडे, प्रत्यक्ष मशीनखाली काही मिनिटंच. म्हणून लोक म्हणतात की येता-जाता करू. पहिला आठवडा तसा जातोही. पण थकवा साठत जातो, शेवटच्या आठवड्यात आणि संपल्यानंतरही एक-दोन आठवडे सगळ्यात जास्त असतो, तेव्हा रजा सुरुवातीला न घेता शेवटाला राखून ठेवा. मशीनची वेळ पहिल्याच दिवशी ऑफिसच्या हिशोबानं मागा, नंतर बदलून मिळणं अवघड. आणि प्रवासासाठी मधले दिवस चुकवायचे नाहीत, खाडे झाले की ट्रीटमेंटचा परिणाम कमी होऊ शकतो.

टप्पा ५ : प्रवास, तिकिटाच्या आधी

१. नकाशावर चांगले दिवस शोधा. २१ दिवसांच्या सायकलला १५ ते १९. विसावा दिवस रक्त तपासणीला लागतो.
२. डॉक्टरांना तारखा, ठिकाण आणि वाहन तिन्ही सांगा. "प्रवास करू का" असं मोघम विचारलं तर उत्तर पण मोघमच मिळतं.
३. तिथं जवळचं कॅन्सर ट्रीटमेंट देणारं हॉस्पिटल कुठलं, पोचायला किती वेळ, ते बघा. तासाभरात पोचता येत नसेल तर मी तरी गेले नसते.
४. विमा. आजार लपवून काढलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. खरं सांगून मिळतेय का, कॅन्सरशी संबंधित खर्च धरतात का, हे वाचा.
५. आता तिकीट. रद्द किंवा बदल होणारंच.

विमान असेल तर अजून काही. केबिनमधला हवेचा दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असल्यासारखा असतो, ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर आधी विचारलंच पाहिजे. ऑपरेशननंतर शरीरात हवा अडकलेली असेल तर ती वर गेल्यावर फुगते, म्हणून पोट, छाती, मेंदूच्या ऑपरेशननंतर किती दिवसांनी उडायचं हा आकडा सर्जनकडून लेखी घ्या.

कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त असतो, आणि चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की तो वाढतो, मग विमान असो, बस असो की कार. दर तासाला उठा, घोटे फिरवा, पाणी प्या. पायाला घट्ट बसणारे स्टॉकिंग किंवा रक्त पातळ करणारं इंजेक्शन लागेल का ते डॉक्टर सांगतील. स्वतःच्या मनानं ॲस्पिरिन घेऊ नका, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर ती उलटेल.

लस लागणाऱ्या ठिकाणी जायचं असेल तर थांबा. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, यलो फीव्हर या जिवंत लसी आहेत, केमो चालू असताना घेत नाहीत, संपल्यावरही निदान तीन महिने, कधी जास्त थांबतात. फ्लूचं इंजेक्शन जिवंत लसीचं नसतं, ते कधी घ्यायचं विचारा.

टप्पा ६ : बॅग आणि कागद

हँड बॅगेत, खाली सामानात नाही : सगळी औषधं मूळ पाकिटात आणि निदान एक आठवडा जास्तीची, थर्मामीटर, डॉक्टरांचं पत्र, शेवटची डिस्चार्ज समरी, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट. फोटो मोबाईलमध्ये आणि सोबतच्या माणसाच्या मोबाईलमध्ये पण.

काउंट वाढवायचं इंजेक्शन सोबत असेल तर ते २ ते ८ अंशात ठेवायचं, बर्फाला थेट टेकवायचं नाही, गोठलं की वाया. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांवर काही देशांत कडक बंधनं आहेत, परवानगी आधी घ्यावी लागू शकते, ती कशी ते त्या देशाच्या दूतावासाला विचारा, विमानतळावर सांगून भागत नाही. द्रव औषध १०० मिलीच्या वर असेल तर पत्र हातात ठेवा. रेडिओॲक्टिव्ह आयोडीन किंवा नुकताच पेट स्कॅन झाला असेल तर विमानतळावरचं रेडिएशन ओळखणारं यंत्र वाजू शकतं, आयोडीननंतर तर कित्येक आठवड्यांनीही, त्याचं पत्र वेगळं मागा.

पिक लाईन (औषधासाठी दंडाच्या शिरेतून आत बसवलेली नळी) असेल तर पोहणं नाही, त्या हातानं बॅग उचलणं नाही, आणि ती नळी आठवड्याला धुऊन घेणं (फ्लशिंग) प्रवासात कोण करणार ते आधी ठरवा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या खांद्यावर जड बॅग नको.

टप्पा ७ : निघायच्या आधीचे ४८ तास, आणि परत आल्यावर

रक्त तपासणी करून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि "जा" हे त्यांच्याकडून ऐका. खालीलपैकी एक जरी असेल तर निघायचं नाही : ताप किंवा हुडहुडी, नवीन खोकला, जुलाब-उलट्या, एका पायाला सूज, पोर्ट (औषध द्यायला त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) किंवा लाईनपाशी लाली. ही यादी घरात सगळ्यांनी आधीच कबूल केलेली असावी, कारण ऐनवेळी बॅगा भरलेल्या असताना "एवढ्याशा कणकणीला काय" असं म्हणणारं कुणीतरी निघतंच आणि बऱ्याचदा ते आपण स्वतःच असतो.

परत आल्यावर पुढच्या केमोच्या आधी निदान एक रिकामा दिवस ठेवा. कुठं गेला होतात ते टीमला सांगा, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर पुन्हा सांगा. पोटरी दुखली, धाप लागली तर प्रवासाचा शीण समजून झोपू नका. आणि वहीत प्रवासाचे दिवस पण भरा, किती चाललात, कधी दमलात, किती झोपलात. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर तेच पान उघडून ठेवायचं.

त्या मैत्रिणीनं तिकीट बदललं, थोडे पैसे गेले. आता ती सोळाव्या दिवशी निघतेय, आदल्या दिवशीची रक्त तपासणी लावून घेतलीय, आणि मास्कचं तिनं डॉक्टरांनाच विचारलं.